आट्यांना शिस्त लावणारा कारागीर : सर जोसेफ व्हिटवर्थ



दुसरी-तिसरीच्या गणितात लांबीचं मापन शिकवताना आपण सुरुवात कशी करतो ते आठवा. मुलांना बाक वितीने मोजायला लावतो. कोणाचा बाक सात वीत भरतो, कोणाचा नऊ. वर्गात गोंधळ होतो, भांडणंही होतात, आणि त्या गोंधळातूनच मुलांना पटतं की सगळ्यांचं माप एकच हवं. अप्रमाणित मापाकडून प्रमाणित मापाकडे जाणारा हा पाठ आपण दरवर्षी घेतो. हाच पाठ अख्ख्या इंग्लंडमधल्या कारखान्यांना शिकवणारा एक माणूस होऊन गेला. त्याचं नाव जोसेफ व्हिटवर्थ. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

त्याआधी एक प्रश्न. पालक सभेत तो हमखास येतो, आणि खरं सांगायचं तर तो चुकीचाही नाही. सगळ्यांना एकच नियम, एकच माप, एकच साचा लावला तर नवं सुचणार कोणाला? कल्पकता मरणार नाही का? व्हिटवर्थ यांचं आयुष्य वाचताना हा प्रश्न मनात ठेवा. उत्तर एका वाक्यात मिळेल असं नाही, पण विचार करायला भरपूर काही मिळेल.

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावी झाला. वडील चार्ल्स शिक्षक होते. म्हणजे आपल्याच जातकुळीतले! जोसेफ लहान असतानाच आई गेली. पुढे वडिलांनी शिक्षकी सोडून धर्मोपदेशकाचं काम धरलं आणि मुलांचा सांभाळ इतरांकडे गेला. शिक्षकाच्या मुलाच्या वाट्याला घर आलं नाही आणि शाळाही फारशी आली नाही. बाराव्या वर्षी त्याला लीड्सजवळच्या आयडल गावच्या एका शाळेत घातलं, आणि चौदाव्या वर्षी शिक्षण संपलं. मग त्याला डर्बीशायरमध्ये काकांच्या सूतगिरणीत कामाला लावलं. पुढेमागे गिरणी हाच चालवेल असा घरच्यांचा विचार असावा.

पण या पोराला सुतात रस नव्हता, सूत काढणाऱ्या यंत्रात होता. गिरणीतली यंत्रं त्याने लवकरच समजून घेतली. आणि एक गोष्ट त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली, ती म्हणजे यंत्रं किती ओबडधोबड केलेली आहेत! भाग एकमेकांवर नीट बसत नाहीत, घासतात, वाफेची ताकद वाया जाते. चारेक वर्षांनी त्याने गिरणी सोडली आणि मँचेस्टरला येऊन साधा कारागीर म्हणून कारखान्यात लागला. वारसाहक्काची गिरणी सोडून हातात कानस धरणारा मुलगा आज आपल्या घरात असता तर आपण काय म्हटलं असतं, याचा विचार ज्याने त्याने करावा.

१८२५ साली फॅनी अँकर्स हिच्याशी त्याचं लग्न झालं आणि दोघं लंडनला आली. तिथे त्याला हेन्री मॉड्स्ले यांच्या कारखान्यात काम मिळालं. त्या काळात यंत्र बनवणारी यंत्रं सगळ्यात चांगली बनायची ती इथे. मॉड्स्ले अचूकतेचे भोक्ते होते. त्यांच्या टेबलावर एक मोजयंत्र असे, त्याला ते गमतीने लॉर्ड चॅन्सलर म्हणत. का, तर शेवटचा न्यायनिवाडा त्याच्याकडे! स्वतःच्या कारखान्यापुरते स्क्रूचे आटे एकसारखे करायचं कामही मॉड्स्ले यांनी केलं होतं. व्हिटवर्थ पुढे जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही होते. चार्ल्स बॅबेज यांचं प्रसिद्ध गणनयंत्र तेव्हा क्लेमंट यांच्या कारखान्यात घडत होतं. असे गुरू मिळायला नशीब लागतं.

लंडनच्या या काळात व्हिटवर्थ यांनी एक प्रश्न सोडवला. पूर्ण सपाट पृष्ठभाग कसा करायचा? ऐकायला सोपं वाटतं. पण सपाट आहे की नाही हे तपासायला आधी दुसरं काहीतरी सपाट लागतं, ते कुठून आणायचं? त्या काळी दोन लोखंडी पाट्या मध्ये कुरुंदाची पूड टाकून एकमेकींवर घासत. त्यातून दोन्ही चकचकीत होत, पण सपाट होतीलच असं नाही. एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट झाली तरी त्या एकमेकींत बरोबर बसतात आणि आपण फसतो.

यावरचा उपाय ऐका. पाट्या दोन नाही, तीन घ्यायच्या. पहिली दुसरीशी जुळवायची, दुसरी तिसरीशी, तिसरी पुन्हा पहिलीशी. तिन्ही पाट्या एकमेकींशी सगळ्या जोड्यांनी जुळल्या तर त्या सपाटच असणार, कारण पहिली फुगीर असेल तर दुसरी आणि तिसरी दोन्ही खोलगट असायला हव्यात, आणि दोन खोलगट पाट्या एकमेकींना चिकटून बसूच शकत नाहीत. पाटीला तेलात कालवलेला रंग लावायचा, दुसरी तिच्यावर ठेवून सरकवायची, जिथे रंग लागला तो उंचवटा, तेवढाच खरवडून काढायचा. घासायचं नाही, खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. दिवसच्या दिवस. कोणतंही महागडं यंत्र नाही, फक्त तर्क आणि चिकाटी. मला हा भाग इतका आवडतो की वर्गात बऱ्याचदा सांगते. मुलं वहीची पानं हातात वाकवून फुगीर-खोलगटचा खेळ स्वतः करून बघतात.

१८४० साली ग्लासगो इथे विज्ञानाच्या सभेत त्यांनी ही पद्धत मांडली. अशा दोन पाट्या एकमेकींवर अलगद ठेवल्या तर वरची पाटी हवेच्या पातळ थरावर तरंगल्यासारखी सरकते. तीच दाबून हवा काढून टाकली की दोन्ही अशा चिकटतात की वरची उचलताना खालचीही उचलली जाते.

पण आपण पुढे गेलो. १८३३ साली ते मँचेस्टरला परतले आणि वाफेच्या शक्तीची सोय असलेली एक जागा भाड्याने घेऊन स्वतःचा धंदा सुरू केला. दारावर पाटी लावली, तिच्यावर नाव आणि आपण लंडनहून आलेले हत्यारं बनवणारे आहोत एवढाच मजकूर. लेथ, रंधा मारायची यंत्रं, भोकं पाडायची यंत्रं ते बनवत. धंदा वाढत गेला.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. आटे म्हणजे स्क्रूवर किंवा बोल्टवर असतात ती गोल फिरत जाणारी नक्षी. एका कारखान्याच्या अर्धा इंची बोल्टला इंचात दहा आटे, दुसऱ्याकडे बारा, तिसऱ्याकडे आणखी काही. कोन वेगळा, खोली वेगळी. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढायचा नाही. यंत्र उघडलं की कोणता नट कोणत्या बोल्टचा हे खुणा करून सांभाळून ठेवायचं, अदलाबदल झाली की संपलं. बोल्ट तुटला तर यंत्र ज्याने बनवलं त्याच्याकडेच जायचं, नाहीतर मुद्दाम हाताने नवा करून घ्यायचा. रेल्वे तेव्हा जोरात पसरत होती. विचार करा, इंजिन एका गावात बनलेलं आणि बिघडलं शंभर मैलांवर!

याचा नव्या कल्पनांशी काय संबंध? फार जवळचा. नवं यंत्र सुचलेल्या माणसाला त्या यंत्रासोबत त्यातला प्रत्येक स्क्रूही नव्याने ठरवावा लागे, तो पाडायचा टॅप आणि डाय स्वतः बनवावा लागे. डोकं आणि पैसा नव्या कल्पनेवर खर्च होण्याऐवजी जुन्याच गोष्टी पुन्हा करण्यात जाई. लहान कारागिराला तर हे झेपतच नसे.

व्हिटवर्थ यांनी काय केलं? त्यांनी स्वतःच्या मनाने एक आदर्श आटा शोधून तो लोकांवर लादला नाही. निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आट्याच्या कोनाची सरासरी ५५ अंश आली, तोच कोन ठरवला. टोकं आणि खाचा गोलसर ठेवल्या, म्हणजे आटा सहज चेपत किंवा तुटत नाही. आणि जाडीप्रमाणे आट्यांची संख्या पक्की केली. पाव इंची बोल्टला इंचात २० आटे, अर्धा इंचीला १२, पाऊण इंचीला १०, एक इंचीला ८. १८४१ साली लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेपुढे त्यांनी हा तक्ता सगळ्यांसाठी खुला मांडला.

सरासरीची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. अमक्याचं बरोबर आणि तमक्याचं चूक असं म्हटलं असतं तर सगळे अडून बसले असते. सरासरी सगळ्यांचीच होती, त्यामुळे थोडा थोडा बदल सगळ्यांना करावा लागला आणि हरलं कोणीच नाही. सहावी-सातवीला सरासरी शिकवताना क्रिकेटच्या धावांशिवाय दुसरं उदाहरण हवं असेल तर हे घ्या.

आधी रेल्वे कंपन्यांनी ही पद्धत उचलली, मग बाकीच्यांनी. पंधरा-वीस वर्षांत ती देशभर रूढ झाली. सरकारने सक्ती केली नव्हती, सोय होती म्हणून लोकांनी घेतली. सोबत त्यांच्याच कारखान्यातले टॅप, डाय आणि तपासणीची मापं बाजारात मिळत होती, हाही व्यवहाराचा भाग आहेच. तो लपवण्यासारखा नाही.

परिणाम कसा झाला त्याची एक गोष्ट अभियांत्रिकीच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश नौदलाला तातडीने लहान तोफनौका हव्या होत्या आणि त्यांना वाफेची सुमारे ९० इंजिनं. एका कारखान्याला हे शक्य नव्हतं. जॉन पेन या अभियंत्याने नमुन्याच्या इंजिनांचे भाग सुटे करून वेगवेगळ्या कारखान्यांकडे पाठवले आणि प्रत्येकाला आपापल्या वाट्याच्या भागाच्या नकला करायला सांगितलं. सुटे भाग परत आले, जोडले, आणि सुमारे ९० दिवसांत काम पुरं झालं. व्हिटवर्थ यांची मापं आणि आटे सगळीकडे पोचले होते म्हणूनच हे जमलं. जहाजाचं इंजिन अशा रीतीने बनवायचं ही कल्पनाच त्या काळी नवी होती, आणि ती शक्य झाली जुन्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या एका तक्त्यामुळे.

मापाच्या बाबतीत या माणसाचं समाधानच होत नसे. त्यांनी एक असं मोजयंत्र बनवलं की इंचाचा दहा लाखावा भाग ओळखता यावा. त्याचा हिशोब पाचवीच्या मुलालाही कळेल. यंत्रातल्या स्क्रूला इंचात २० आटे, त्याला फिरवणारं २०० दात्यांचं चाक, आणि त्याला फिरवणाऱ्या चाकावर २५० खुणा. २० गुणिले २०० गुणिले २५०. करा गुणाकार! त्या यंत्रात लोखंडी पट्टी ठेवून तिला नुसतं बोट लावलं तरी बोटाच्या उबेने ती वाढलेली कळत असे.

१८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात त्यांची यंत्रं गाजली. १८५३ साली सरकारने त्यांना अमेरिकेला पाठवलं. तिथल्या कारखान्यांवर त्यांनी जो अहवाल लिहिला त्यात स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात बंदुकीचा लाकडी दस्ता ओळीने लावलेल्या यंत्रांवर सुमारे २२ मिनिटांत कसा तयार होतो याची नोंद आहे. घड्याळ लावून बघितलेलं दिसतं!

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर गोष्ट अर्धवट राहील. सैन्यासाठी उत्तम रायफल करायचं काम व्हिटवर्थ यांनी हाती घेतलं. त्यांनी नळीचं भोक गोल न ठेवता षटकोनी पिळाचं केलं आणि व्यास ०.४५१ इंच ठेवला. चाचण्यांत ती सैन्याच्या एनफिल्ड रायफलपेक्षा लांबवर अचूक ठरली. १८६० साली विंबल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीने केलं. पण सैन्याने ती घेतली नाही. महाग पडते, लवकर कचरा साचतो ही कारणं होतीच, शिवाय सैन्याचं ठरलेलं माप होतं ०.५७७ इंच आणि त्यापुढे हा व्यास फार लहान वाटला. गंमत बघा, ज्याने सगळ्यांना एक माप दिलं त्याचीच नवी कल्पना दुसऱ्याच्या ठरलेल्या मापाशी येऊन अडली. काही वर्षांनी ब्रिटिश सैन्याने ०.४५ इंचाची रायफल स्वीकारली, पण ती व्हिटवर्थ यांची नव्हती.

त्यांच्या आट्यांवरही टीका झाली आणि ती योग्यच होती. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी दाखवून दिलं की ५५ अंशाचा कोन आणि गोलसर टोकं अचूक पाडणं साध्या कारागिराला अवघड जातं. त्यांनी ६० अंशाचा, सपाट टोकांचा आटा सुचवला, आणि अमेरिकेने तो घेतला. सुधारणा चांगली होती, पण जगात दोन पद्धती झाल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात तेव्हा त्याची किंमत कळली. १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून एक आटा ठरवला, कोन ६० अंशाचा.

माझं मत विचाराल तर सुरुवातीच्या प्रश्नाचा धागा इथेच सापडतो. व्हिटवर्थ यांनी यंत्र कसं असावं हे ठरवून दिलं नाही. दोन भाग जिथे एकमेकांना भेटतात, तेवढीच जागा ठरवली. बाकी यंत्र ज्याने त्याने हवं तसं करावं. तपासायचं असेल तर ऑनलाइन तासासाठी घेतलेला मोबाईल अडकवायचा ट्रायपॉड हातात घ्या. त्याच्या टोकाचा स्क्रू बहुधा पाव इंची, इंचात २० आट्यांचा असतो, आणि हाच आकडा १८४१ च्या तक्त्यात आहे. कॅमेरे कुठल्या कुठे गेले, पण भेटण्याची जागा तीच राहिली, म्हणून कोणीही नवा कॅमेरा काढावा आणि कोणीही नवा स्टँड. उलट जिथे आतल्या वस्तूचंच माप पक्कं करून टाकलं, तिथे रायफलीसारखं होतं. आपण वर्गात नियम करतो तेव्हा तो यातला कोणत्या प्रकारचा आहे, हे मी हल्ली स्वतःला विचारते.

उतारवयात व्हिटवर्थ यांनी पोलादावर काम केलं. वितळलेल्या पोलादावर प्रचंड दाब देऊन त्यातले हवेचे बुडबुडे घालवायची पद्धत त्यांनी बसवली. १८६९ साली त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. स्वभावाने ते हट्टी होते, समिती आणि सरकारी अधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत.

पण शिक्षक म्हणून मला जास्त मोलाचं वाटतं ते १८६८ साली त्यांनी केलेलं काम. तरुण कारागिरांसाठी वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या त्यांनी सुरू केल्या. अट अशी की हाताचं कौशल्य आणि पुस्तकी ज्ञान, दोन्ही दाखवायचं. नुसता हुशार चालणार नाही आणि नुसता कसबीही नाही. ज्याची शाळा चौदाव्या वर्षी सुटली त्याने ही अट घातली. ही शिष्यवृत्ती इंग्लंडमध्ये आजही दिली जाते.

२२ जानेवारी १८८७ रोजी मोंटे कार्लो इथे त्यांचं निधन झालं. डर्बीशायरमधल्या डार्ली डेल गावी त्यांना पुरलं. मूलबाळ नव्हतं. संपत्तीचा मोठा भाग लोकांच्या कामासाठी गेला, मँचेस्टरचं व्हिटवर्थ कलादालन त्यातूनच उभं राहिलं.

आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणाला माहीत नसलं तरी ओळख जुनी आहे. जुन्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींना बीएसडब्ल्यू बोल्ट विचारा, त्यातला डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. हार्डवेअरच्या दुकानात तीन सुती, चार सुती बोल्ट मागतात तो इंचाचाच हिशोब, आठ सूत म्हणजे एक इंच. दशमान पद्धत आल्यावर बोल्ट मिलिमीटरचे झाले, पण घरातल्या नळाने ऐकलं नाही. अर्धा इंची नळाचे आटे अजूनही ५५ अंशाचेच असतात, इंचात १४. म्हणून तर नळ नाशिकला घ्या नाहीतर नांदेडला, पाइपावर चढतो.

मुलांकडून एक उपक्रम करून घ्या. घरातला किंवा भंगारातला एक जाडसर अर्धा इंची बोल्ट, एक पट्टी आणि एक पेन्सिल. कागद बोल्टवर गुंडाळून पेन्सिल हलकी घासली की आट्यांच्या रेघा कागदावर उमटतात. एका इंचात किती रेघा आल्या ते मोजायचं. १२ आल्या तर व्हिटवर्थ, १३ आल्या तर सेलर्स. दोन्ही नाही जमल्या तर बहुतेक मिलिमीटरवाला असेल. मग पट्टी उलटी करा आणि दोन रेघांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा.